द मेकॉन्स: मला सारखे येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

मेकॉन्सबद्दल मी कुठेही दोन ओळी टाकल्या की तेच तेच प्रश्न येतात, कोण हे लोक, कंट्री आणि पंक एकत्र कसं, सुरुवात कुठून करू. दर वेळी वेगळं उत्तर टाइप करण्यापेक्षा सगळं एकदाच नीट लिहून ठेवतोय. प्रश्न शक्यतो तुम्ही विचारलेत तसेच ठेवलेत. दोन ठिकाणी तेच लिहायला नको म्हणून मध्येमध्ये "अमुक नंबर बघा" असं म्हटलंय, तर उडी मारून वाचलंत तरी चालेल.

१. मेकॉन्स म्हणजे नक्की कोण? मी नावच पहिल्यांदा ऐकतोय.

इंग्लंडच्या उत्तरेला लीड्स नावाचं शहर आहे, तिथल्या युनिव्हर्सिटीत चित्रकला शिकणाऱ्या पोरांनी १९७७ मध्ये काढलेला बँड. पंकची लाट नुकतीच आली होती आणि वाजवता येत नसलं तरी स्टेजवर चढायचं असं सगळ्यांनीच ठरवलं होतं. त्याच कॉलेजातून, त्याच मित्रमंडळातून गँग ऑफ फोर हा बँडही निघाला, तो जास्त नावाजला. मेकॉन्स सुरुवातीला त्यांचीच वाद्यं मागून आणून वाजवायचे. त्या वेळचे बहुतेक बँड पाच वर्षांत संपले, हे मात्र अजून चालू आहेत, शेवटचा अल्बम २०२५ चा आहे. मधे १९८५ च्या आसपास त्यांनी पंकमध्ये अमेरिकन कंट्री म्युझिक मिसळलं आणि त्यातून जे तयार झालं त्यासाठी त्यांना आज ओळखतात.

मला ते सापडले लीड्समध्येच, २००३ मध्ये मी तिथे एमएस्सीला होतो आणि सेकंडहँड सीडीच्या एका दुकानात कव्हर बघून एक उचलली. तेव्हापासून ऐकतोय.

२. मेकॉन म्हणजे काय? काही अर्थ आहे का नावाला?

आहे. ब्रिटनमध्ये पन्नासच्या दशकात 'ईगल' नावाचं मुलांचं कॉमिक साप्ताहिक निघायचं, त्यात डॅन डेअर हा अंतराळवीर हिरो होता आणि त्याचा शत्रू म्हणजे मेकॉन. हिरवा, शुक्र ग्रहावरचा, डोकं भलंमोठं आणि अंग किडकिडीत. त्या पिढीच्या ब्रिटिश पोरांना हे नाव घरातल्या माणसासारखं माहीत. हिरोचं नाव न घेता व्हिलनचं घेतलं हे मला फार आवडतं, आणि "द मेकॉन" एक असतो तर हे "मेकॉन्स", म्हणजे सगळेच.

३. कंट्री-पंक हा काय प्रकार आहे? कंट्री म्हणजे ते काऊबॉय हॅटवालं ना, आणि पंक म्हणजे आरडाओरडा. जमतं कसं?

वरून बघितलं तर अजिबात जमत नाही. पण आतून बघा. दोन्हीकडे गाणं तीन-चार कॉर्ड्सचं. दोन्हीकडे गाणारा म्हणजे कुणी तालीम घेतलेला गवई नाही, तुमच्याआमच्यातलाच माणूस. दोन्हीकडे शब्द आधी, सजावट नंतर. फरक एवढाच की पंक चिडून बोलतं आणि कंट्री हरल्यानंतर बोलतं. दारू, तुटलेलं लग्न, गेलेली नोकरी, कर्ज, तुरुंग, रात्रीचा एकटा रस्ता. हँक विल्यम्स, मर्ल हॅगर्ड, जॉर्ज जोन्स या जुन्या कंट्री गायकांची गाणी घ्या, सगळं हेच आहे. चिडणं सोपं असतं हो, पण चिडून झाल्यावरही काही बदललं नाही तर मग काय गायचं, हा प्रश्न पंकवाल्यांकडे सुटलेला नव्हता. मेकॉन्सना त्याचं उत्तर कंट्रीत सापडलं.

तशी अमेरिकेतही साधारण तेव्हाच ही मिसळ चालू होती. नॅशव्हिलमध्ये जेसन अँड द स्कॉर्चर्स होते, टेक्ससमधल्या ऑस्टिनमध्ये रँक अँड फाइल होते, तिकडे त्याला काऊपंक म्हणायचे. पण त्यांच्यासाठी कंट्री हे घरचं संगीत होतं, आजोबांच्या रेडिओवरचं. मेकॉन्सनी ते परक्या देशातून उचललं आणि स्वतःच्या गावच्या दुःखाला लावलं.

४. खरंच त्यांना वाजवता येत नव्हतं का, की उगाच सांगतात?

खरंच येत नव्हतं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. पहिलं सिंगल 'नेव्हर बीन इन अ रायट' १९७८ मध्ये एडिनबराच्या फास्ट प्रॉडक्ट या छोट्या लेबलने काढलं. क्लॅश या लंडनच्या पंक बँडचं दंगलीवरचं गाणं तेव्हा गाजत होतं, त्याला हे उत्तर होतं, की बाबांनो आम्ही काही कधी दंगलीत नव्हतो, खोटं कशाला बोलू. ऐकलंत तर ड्रम एकीकडे आणि गिटार दुसरीकडे असं वाटेल. त्याच वर्षीचं 'व्हेअर वेअर यू?' मात्र जरूर ऐका, जेमतेम दोन-तीन कॉर्ड्स, मुलीच्या मागे लागलेल्या एका लाजाळू पोराचे साधे प्रश्न, आणि तरी अंगावर काटा येतो.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, जॉन लँगफर्ड, जो आज बँडचा सगळ्यात ओळखीचा चेहरा आहे, तो तेव्हा ड्रम वाजवायचा. गिटार आणि गाणं नंतर आलं. ज्याला जे येत नाही ते त्याने करून बघायचं ही तिथली रीतच होती.

५. मग लीड्सच्या पोरांना अमेरिकन कंट्री कुठे सापडलं?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

१९८२ पर्यंत बँड जवळजवळ थांबला होता. मोठं लेबल येऊन गेलं (नंबर १० बघा), दुसरा अल्बम कुणी फारसा घेतला नाही, मूळचे काही जण आपापल्या वाटेने गेले. त्या काळात त्यांनी इंग्लिश लोकनृत्याची जुनी गाणी ऐकायला सुरुवात केली, १९८३ ची 'द इंग्लिश डान्सिंग मास्टर' ही ईपी (चार-पाच गाण्यांची छोटी रेकॉर्ड) त्यातूनच आली, नाव १६५१ च्या एका नृत्याच्या पुस्तकावरून घेतलेलं. म्हणजे पंकमधून बाहेर पडायची वाट आधी स्वतःच्या मातीत शोधून झाली होती.

दुसरीकडे शिकागोत टेरी नेल्सन नावाचा एक रेडिओवाला होता, त्याने लँगफर्डला हाँकी-टाँकच्या कॅसेट करून दिल्या. हाँकी-टाँक म्हणजे दारूच्या गुत्त्यात वाजणारं जुनं कंट्री. त्याच नेल्सनने त्यांना दाखवून दिलं की तुम्ही जे करताय ते आणि हे फार लांब नाहीये. आपल्याकडे नाही का, कुणी मित्र एक कॅसेट हातात देतो आणि पुढची दहा वर्षं त्या कॅसेटवर जातात, तसं.

आणि मग १९८४ चा मार्च. ब्रिटिश सरकारने साधारण वीस कोळसा खाणी बंद करायचं, म्हणजे वीस हजार नोकऱ्या घालवायचं ठरवलं आणि खाण कामगारांनी संप पुकारला. यॉर्कशर हा त्या संपाचा मुख्य भाग आणि लीड्स यॉर्कशरमध्येच. एका बाजूला पंतप्रधान मार्गारेट थॅचर, दुसऱ्या बाजूला युनियनचे आर्थर स्कार्गिल. संप जवळजवळ वर्षभर चालला, ३ मार्च १९८५ ला युनियनने तो मागे घेतला आणि कामगार हरून कामावर परतले. या काळात मेकॉन्स परत एकत्र आले ते संपकरी कुटुंबांसाठी पैसे उभे करायच्या कार्यक्रमांत वाजवायला. म्हणजे बँडचा दुसरा जन्म झाला तो संपात.

ज्यांच्या घरात १९८२ च्या गिरणी संपाच्या गोष्टी झाल्यात, लालबाग-परळमध्ये ज्यांचे आजोबा किंवा काका गिरणीत होते, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. वर्षभर घरात पगार नसतो तेव्हा घोषणांची गाणी पहिल्या दोन-तीन महिन्यांत संपतात. नंतर लागतं वेगळं गाणं, संध्याकाळी चार माणसांत बसून म्हणता येईल असं. कंट्री तिथे बरोब्बर बसलं.

६. 'फिअर अँड व्हिस्की' बद्दल सगळे एवढं का बोलतात?

कारण वरचं सगळं त्या एका अल्बममध्ये आहे. १९८५, दहा गाणी, स्वतःच्याच सिन रेकॉर्ड्स या लेबलवर काढलेला. फिडल आहे, धडधडणारे ड्रम आहेत, आणि टॉम ग्रीनहॅलचा तो थकलेला, किंचित बेसूर, पण एक शब्दही खोटा न वाटणारा आवाज. 'चिव्हलरी' ने सुरुवात होते, काल रात्री पिऊन काय काय केलं ते आठवणाऱ्या माणसाचं गाणं. 'हार्ड टू बी ह्यूमन अगेन' हे पंकच आहे, पण नाव बघा, परत माणूस होणं अवघड आहे. 'लास्ट डान्स' मध्ये बार बंद होताना एकट्या माणसाची जी अवस्था होते तिच्यावर नाचता येईल अशी चाल लावलीय. आणि 'अबरनांट १९८४/८५', अबरनांट ही साउथ वेल्समधली कोळशाची खाण, म्हणजे संप थेट गाण्याच्या नावातच आहे.

पुष्कळ जण अल्ट-कंट्रीची, म्हणजे रॉक-पंकच्या वळणाच्या कंट्रीची, सुरुवात अंकल टुपेलो या अमेरिकन बँडच्या १९९० च्या पहिल्या अल्बमपासून मोजतात. 'फिअर अँड व्हिस्की' त्याच्या पाच वर्षं आधीचा आहे आणि इंग्लंडमधला आहे. पहिला कोण या वादात मला फार रस नाही, पण हा अल्बम ऐकल्याशिवाय त्या वादात पडू नये असं मला वाटतं. मी त्या दुकानातून उचललेली सीडी हीच, २००२ मध्ये परत काढलेली. पहिल्यांदा ऐकल्यावर मला गोंगाट वाटला होता. तिसऱ्यांदा रात्री बसमधून खोलीवर जाताना ऐकली आणि 'लास्ट डान्स' संपेपर्यंत माझा स्टॉप निघून गेला होता.

७. इतके अल्बम आहेत, सुरुवात कुठून करू?

'फिअर अँड व्हिस्की' पासूनच. ते जड गेलं तर १९८९ चा 'द मेकॉन्स रॉक अँड रोल' घ्या, मोठ्या आवाजाचा, गिटारींनी भरलेला, पहिलंच गाणं 'मेंफिस, इजिप्त' तुम्हाला उठवून उभं करेल. शांत काही हवं असेल तर २००७ चा 'नॅचरल', जवळजवळ सगळा अकूस्टिक, शेत, झाडं, वारा. आणि ज्याला गाण्यात गायिकेचा आवाज हवा असतो त्याने 'घोस्ट्स ऑफ अमेरिकन अॅस्ट्रॉनॉट्स' हे १९८८ चं गाणं ऐकावं, सॅली टिम्सने गायलंय, मी तरी त्याच्याइतकं हळू येऊन इतकं खोल जाणारं गाणं कमी ऐकलंय.

१९७९ च्या पहिल्या अल्बमपासून क्रमाने जाऊ नका. तो नंतर ऐका, सगळे ओळखीचे झाले की जास्त गोड वाटतो.

८. आता बँडमध्ये कोण कोण आहे आणि सगळे लीड्समध्येच राहतात का?

लीड्समध्ये आता त्यांच्यापैकी जवळजवळ कुणीच नाही, सगळे पांगलेत. जॉन लँगफर्ड मूळचा वेल्समधल्या न्यूपोर्टचा, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शिकागोला गेला. सॅली टिम्सही शिकागोत. टॉम ग्रीनहॅल इंग्लंडमध्ये. सूझी हनीमन फिडल वाजवते, रिको बेल अकॉर्डियन. स्टीव्ह गोल्डिंग ड्रमवर, हा म्हणजे आधी ग्रॅहम पार्करच्या रुमर बँडमध्ये होता आणि एल्विस कॉस्टेलोच्या 'वॉचिंग द डिटेक्टिव्ह्ज' वरचे ते प्रसिद्ध ड्रम याचेच. लू एडमंड्स साझ हे तुर्की तंतुवाद्य वाजवतो, डॅम्ड या पंक बँडमध्ये होता, पब्लिक इमेज लिमिटेड या बँडमध्ये आहे. बासवर बरीच वर्षं सारा कोरिना होती, आता डेव्ह ट्रम्फिओ.

१९७७ पासूनचे यातले फक्त दोघं, लँगफर्ड आणि ग्रीनहॅल. पण बाकीचेही बहुतेक ऐंशीच्या दशकापासून आहेत, म्हणजे चाळीस वर्षांचा संसार. समुद्राच्या दोन बाजूंना राहून.

९. पण मेन सिंगर कोण? लीडर कोण?

लीडर नाही. हे मी टाळाटाळ म्हणून सांगत नाहीये, खरंच नाही. गाण्यांखाली श्रेय बहुतेक वेळा "मेकॉन्स" एवढंच असतं. टॉम, जॉन, सॅली, रिको सगळे गातात, कुठलं गाणं कुणाच्या गळ्यात बसतं त्यावर ठरतं. आपल्याकडच्या भजनी मंडळात जसं असतं ना, एक म्हातारबाबा उचलतात, दुसरा ओढतो, पखवाजवाला मधेच स्वतः एक अभंग घेतो, आणि मंडळाचं नाव कुणा एकाचं नसतं. त्यामुळे कुणी दोन वर्षं आला नाही तरी मंडळ मोडत नाही. हे इतकं टिकलं त्याचं मोठं कारण मला हेच वाटतं, भांडायला खुर्चीच नाही.

१०. एवढे चांगले आहेत तर फेमस का नाही झाले?

संधी दोनदा आली. पहिल्यांदा १९७९ मध्ये व्हर्जिनने घेतलं, एका अल्बमनंतर संपलं. दुसऱ्यांदा १९८९ मध्ये ए अँड एम या मोठ्या अमेरिकन कंपनीने 'रॉक अँड रोल' काढला, समीक्षकांनी डोक्यावर घेतला, विक्री मात्र कंपनीला हवी तेवढी झाली नाही. त्यात तो अल्बमच मुळी रॉक अँड रोल हा एक विकायचा माल कसा झालाय यावर होता. पुढचा 'द कर्स ऑफ द मेकॉन्स' १९९१ मध्ये ब्रिटनमध्ये आला, पण अमेरिकेत तेव्हा रिलीजच झाला नाही. त्यांच्या सगळ्यात पक्क्या अल्बमांपैकी एक, आणि अमेरिकन चाहत्यांना तो इम्पोर्ट म्हणून जास्त पैसे देऊन घ्यावा लागला. नंतरचा 'आय लव्ह मेकॉन्स' पण अडकून अडकून १९९३ मध्ये आला, शिकागोच्या क्वार्टरस्टिक या लेबलवर. तिथून पुढे मोठ्या कंपन्यांचा विषयच संपला.

मला यात वाईट वाटतं ते खरंय, त्या लोकांना चार पैसे आणि मोठा हॉल मिळायला हवा होता. पण ते कधी कुणाच्या पगारावर नव्हते म्हणून कुणी त्यांना बंदही करू शकलं नाही, हेही तितकंच खरं.

११. मग पोट कशावर भरतात?

प्रत्येकाचं दुसरं काहीतरी आहे. लँगफर्ड चित्रकार आहे, हँक विल्यम्ससारख्या जुन्या कंट्री गायकांची चित्रं काढतो, खरवडलेली, जुन्या फोटोसारखी पिवळट, कवट्या आणि तारे असलेली, ती विकली जातात, गॅलरीत लागतात. रिको बेलही चित्रकार. गोल्डिंग आणि एडमंड्स इतरांबरोबर वाजवतात. ट्रम्फिओ रेकॉर्डिंगचं काम करतो. मेकॉन्स हे त्यांचं करिअर नाहीये, सगळ्यांच्या सुट्ट्या जुळल्या की भेटायची जागा आहे, आणि प्रत्येक भेटीत बहुतेक एखादा अल्बम होतो. २०१५ मध्ये ब्रुकलिनला एका छोट्या थिएटरात प्रेक्षकांना भोवती बसवून एकाच माइकवर अख्खा अल्बम रेकॉर्ड केला, तो 'एक्झिस्टेन्शियलिझम'. पुढचा 'डेझर्टेड' (२०१९) कॅलिफोर्नियात जोशुआ ट्रीच्या वाळवंटाच्या कडेला झाला. २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं, भेटणं शक्यच नव्हतं, तर एकाने तुकडा पाठवायचा, पुढच्याने त्यावर आपला चढवायचा, असं करत 'एक्सक्विझिट' बनवला. भेट चुकली पण अल्बम चुकला नाही.

१२. वेको ब्रदर्स आणि मेकॉन्स एकच का?

नाही, पण भावकी आहे. लँगफर्ड शिकागोला गेल्यावर तिथल्या मित्रांना घेऊन वेको ब्रदर्स काढला, गोल्डिंगही त्यात होता. पहिला अल्बम १९९५, ब्लडशॉट रेकॉर्ड्स या लेबलवर. ब्लडशॉट म्हणजे शिकागोत नव्वदच्या दशकात सुरू झालेलं, कंट्री-पंकचं जणू माहेरच असलेलं लेबल. वेको जास्त सरळ आहेत, बारमध्ये बिअर हातात घेऊन उड्या मारायचं संगीत. मेकॉन्स ऐकताना डोकं लागतं. दोन्ही आवडू शकतात, मला आवडतात.

लँगफर्डचाच तिसरा प्रकार म्हणजे पाइन व्हॅली कॉस्मोनॉट्स, यात दर वेळी वेगळे पाहुणे गायक. त्यांनी २००२ मध्ये खून आणि फाशीच्या जुन्या गाण्यांचा एक अल्बम काढला आणि त्याचे पैसे इलिनॉय राज्यात फाशीची शिक्षा रद्द करायच्या मोहिमेला दिले. इलिनॉयमध्ये ती शिक्षा २०११ मध्ये रद्द झाली. सॅली टिम्सचे सोलो अल्बम वेगळेच, १९९९ चा 'काऊबॉय सॅली' वाला मिळाला तर सोडू नका.

१३. गाणी फार राजकीय आहेत म्हणे. इतिहास माहीत नसेल तर कळतील का?

कळतील. राजकारण त्यांच्या गाण्यात भाषणासारखं येत नाही, ते प्रेमाच्या, दारूच्या, झोप न येण्याच्या गाण्यात मुरलेलं असतं. अण्णाभाऊ साठ्यांची ती छक्कड आठवा, गावाकडे राहिलेल्या बायकोच्या विरहाची म्हणून सुरू होते आणि ऐकता ऐकता संयुक्त महाराष्ट्राची लढाई होते. विरह पण खरा आणि लढाई पण खरी. मेकॉन्सचं बरंचसं काम या जातीचं आहे, म्हणून आपल्या कानाला ते वाटतं तेवढं परकं नाहीये.

इतिहासात शिरायचं असेल तर मात्र भरपूर आहे. 'एन्शंट अँड मॉडर्न' (२०११) हा पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या, सुखात झोपलेल्या इंग्लंडबद्दल आहे. आणि २०२५ चा 'हॉरर' आपण भारतीयांनी तर ऐकायलाच हवा, कारण तो ब्रिटिश साम्राज्याबद्दल आहे, आणि तो स्वतः ब्रिटिश लोकांनी, आपल्याच घरातलं जुनं कपाट उघडावं तसा केलाय. 'द वेस्टर्न डिझाइन' हे गाणं इंग्लंडचा तेव्हाचा सत्ताधीश क्रॉमवेल याच्या १६५५ च्या कॅरिबियन मोहिमेवर आहे, त्याच मोहिमेत जमैका इंग्रजांच्या हातात गेलं. 'मडक्रॉलर्स' हे आयर्लंडच्या दुष्काळातून पळून वेल्सच्या किनाऱ्यावर चिखलातून चालत आलेल्या लोकांवर, लँगफर्डचं न्यूपोर्ट त्याच किनाऱ्यावरचं. सत्तरीला टेकलेल्या माणसांनी इतक्या वर्षांनी हा विषय हातात घ्यावा याचं मला मनापासून कौतुक आहे.

१४. सगळे अल्बम कंट्री आहेत का? मी एक लावला तर त्यात काहीच कंट्री नव्हतं.

नाहीत, आणि तुम्ही बहुतेक नव्वदच्या दशकातला काहीतरी लावलात. १९८५ ते ८७ हा खरा कंट्रीचा काळ, 'फिअर अँड व्हिस्की', 'द एज ऑफ द वर्ल्ड', 'हाँकी टाँकिन'. त्यानंतर रॉक, रेगे, इलेक्ट्रॉनिक ठोके, चर्चची सामूहिक गाणी, सगळं येऊन गेलं. १९९६ मध्ये लेखिका कॅथी अॅकरबरोबर समुद्री चाचे झालेल्या बायकांची एक अख्खी कथाच रेकॉर्ड केली. २००२ चा 'ऊऽ' (पूर्ण नाव 'आउट ऑफ अवर हेड्स') यात एकत्र आवाजात गायलेली गाणी आहेत, इंग्लंडमधल्या जुन्या बंडखोर धर्मपंथांची आठवण येते, माझ्या मते नंतरच्या काळातला त्यांचा सगळ्यात भारी अल्बम. फिडल मात्र कुठे ना कुठे ऐकू येतंच.

१५. 'लॉस्ट हायवे' त्यांचं गाणं आहे ना?

नाही. ते लिऑन पेन या अंध गायकाने लिहिलं आणि १९४९ मध्ये हँक विल्यम्सच्या आवाजात घराघरात गेलं. मेकॉन्सनी ते 'फिअर अँड व्हिस्की' च्या अगदी शेवटी ठेवलंय. नऊ गाणी संप, दारू, भीती असं सगळं स्वतःचं सांगून झाल्यावर दहावं दुसऱ्याचं, जणू आम्ही जे म्हणत होतो ते हा माणूस आधीच म्हणून गेलाय. मूळ गाणं ऐकून मग हे ऐका.

जॉनी कॅश या अमेरिकन कंट्री गायकाबद्दलही विचारतात म्हणून इथेच सांगतो. १९८८ मध्ये लँगफर्ड आणि मार्क रायली यांनी बहुतेक ब्रिटिश गायकांकडून कॅशची गाणी गाऊन घेऊन एक अल्बम काढला, पैसे एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला दिले. त्या वेळी कॅशची कंपनीने उपेक्षा केली होती, नव्या पिढीला तो जुनाट वाटायचा. रिक रुबिन या निर्मात्याबरोबरचं त्याचं मोठं पुनरागमन व्हायला अजून सहा वर्षं होती.

१६. पहिल्या अल्बमच्या मागे फोटो मेकॉन्सचा नाही असं वाचलं, खरंय?

खरंय. फोटो गँग ऑफ फोरचा आहे, कंपनीकडून चूक झाली आणि तशीच छापली गेली. अल्बमचं नावही अडखळलेलं, 'द क्वालिटी ऑफ मर्सी इज नॉट स्ट्रनेन'. कव्हरवर टाइपरायटरवर बसलेलं माकड आहे. असंख्य माकडं असंख्य वर्षं टाइप करत राहिली तर कधीतरी शेक्सपिअर लिहून होईल असं म्हणतात ना, तर हे माकड 'मर्चंट ऑफ व्हेनिस' मधल्या दयेच्या ओळीपर्यंत जवळजवळ पोचलंय, शेवटच्या शब्दात घसरलं.

१७. गाण्यातले उच्चार कळत नाहीत. शब्द वाचून ऐकू का?

हो, अगदी बिनधास्त. टॉमचे शब्द मलाही लीड्समध्ये वर्षभर राहून पूर्ण कळले नव्हते. आधी एकदा नुसतं ऐका, मग शब्द घेऊन बसा.

१८. एखादी डॉक्युमेंटरी आहे का?

आहे, 'रिव्हेंज ऑफ द मेकॉन्स', जो अँजिओ यांची, २०१३ ची. पण आधी दोन-तीन अल्बम ऐकून मग बघा, नाहीतर नावांचा गोंधळ होईल.

१९. 'मेकॉन्स ७७' नावाने एक अल्बम दिसतो, तो याच बँडचा आहे की दुसऱ्या कुणाचा?

सगळ्यात अवघड प्रश्न. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत.

१९७७ चे मूळ मेकॉन्स म्हणजे अँडी कॉरिगन आणि मार्क व्हाइट गायला, केव्हिन लायसेट आणि टॉम ग्रीनहॅल गिटारवर, रॉस अॅलन बासवर (ती पुढे डेल्टा ५ या बँडमध्ये गेली), जॉन लँगफर्ड ड्रमवर. नंतर यातले बरेच बाहेर पडले, पण भांडून नाही, मैत्री तशीच राहिली. २०१७ मध्ये बँडला चाळीस वर्षं झाली तेव्हा इंग्लंडमधल्या सफोकमध्ये शेतात तंबू ठोकून 'मेकॉनव्हिल' नावाचा एक छोटासा महोत्सव केला. तिथे आजचे मेकॉन्सही वाजले आणि १९७७ चे मेकॉन्सही. टॉम आणि जॉन दोन्हीकडे, जॉन एकदा गिटार घेऊन आणि एकदा परत ड्रमच्या मागे.

मग जुन्यांनी मिळून २०१८ मध्ये नवा अल्बम काढला, तोच तुम्हाला दिसलेला. नाव आहे 'इट इज ट्वाइस ब्लेस्ड'. शेक्सपिअरच्या त्या दयेच्या भाषणातलेच पुढचे शब्द (नंबर १६ बघा), देणाऱ्यालाही आशीर्वाद आणि घेणाऱ्यालाही. १९७९ मध्ये माकड जिथे घसरलं होतं तिथून पुढे त्यांनी एकोणचाळीस वर्षांनी टाइप केलं.